पाटी आणि चिठ्ठी

मंडळी, मागचे दोन शनिवार इथे काही टाकलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, सगळं ठीक आहे ना म्हणून. ठीक आहे. हापिसात पाट्या लावायचं काम निघालं होतं, त्यात अडकलो होतो. पाट्या म्हणजे आमच्या क्लस्टरमधल्या ४१२ वस्तूंना मालकाच्या नावाच्या पाट्या. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "ह्याला इंजिनियर कशाला लागतो? रंगारी चालला असता की!" तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण ह्या कामात एक गोष्ट अशी निघाली की लिहून ठेवावीशी वाटली.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांचा आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारली तरी राग नाही.) हल्ली प्रोग्राम एखाद्या ठरावीक मशीनवर नेऊन बसवत नाहीत. त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट तो एका कंटेनरमध्ये बांधतात. मग असे शेकडो कंटेनर पाचपन्नास मशीनवर कुठे चालवायचे, एखादा मेला तर त्याच्या जागी दुसरा कधी उभा करायचा, हे बघायला वर एक मुकादम नेमतात. ह्या मुकादमाचं नाव कुबरनेटीस. शब्द ग्रीक आहे, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. आपल्या कोकणात त्याला तांडेल म्हणतील. गूगलने २०१४च्या जूनमध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला, २०१५च्या जुलैमध्ये १.० आवृत्ती आली, आणि आता जिथे बघाल तिथे तोच आहे.

ह्या तांडेलाशी बोलायचं ते टर्मिनलवरून, क्यूबसीटीएल नावाच्या कमांडने. (हिचा उच्चार क्यूब-सीटीएल, क्यूब-कंट्रोल की क्यूब-कडल, ह्यावर आमच्याकडे कित्येक चहा थंड झालेले आहेत. मी पहिल्या पार्टीचा.) इथे कमांड कानाला ऐकू येतात तशा मराठीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाका, नाहीतर मला शिव्या द्याल.

तर मुद्दा असा. क्लस्टरमधल्या प्रत्येक वस्तूला नाव असतंच. त्याशिवाय तिला दोन तऱ्हेची माहिती चिकटवता येते. एक लेबल, दुसरं अ‍ॅनोटेशन. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. दोन्हींत एक किल्ली आणि एक किंमत, मध्ये बरोबरचं चिन्ह. कमांडही सारख्याच. "क्यूबसीटीएल लेबल पॉड अमुक ओनर=तमुक" म्हटलं की लेबल लागलं. तिथेच "लेबल"च्या जागी "अ‍ॅनोटेट" म्हटलं की अ‍ॅनोटेशन. काढायचं असेल तर किल्लीच्या नावापुढे नुसतं उणे चिन्ह, "ओनर-". आधीच लावलेलं बदलायचं असेल तर "--ओव्हररायट" असं बजावून सांगावं लागतं, नाहीतर कमांड नकार देते. हे मला आवडतं. दुसऱ्याची पाटी पुसण्याआधी यंत्र एकदा तरी विचारतं, "बघ बुवा, नक्की ना?"

नव्या पोरांना नेहमी प्रश्न पडतो की दोन्ही सारखीच, तर दोन कशाला? पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. हल्ली भांड्यांचं उदाहरण देतो.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ना, भांड्यांच्या दुकानात ते घरघर करणारं छोटं यंत्र घेऊन, त्यात दोन प्रकार असतात. एक म्हणजे नुसती आद्याक्षरं. वाटी शेजारी गेली, पातेलं कार्यालयात गेलं, शंभर भांड्यांच्या ढिगातून आपलं ओळखून परत आणता यावं म्हणून. ती छोटी असतात, ठळक असतात, सगळ्या भांड्यांवर एकसारखी असतात. एकावर "ग. वि." आणि दुसऱ्यावर "गवि" असं केलं तर ढीग निवडणारी बाई वैतागेल. दुसरा प्रकार म्हणजे मोठा मजकूर: "सप्रेम भेट, आत्याकडून, वास्तुशांतीनिमित्त", खाली तारीख. ह्याचा भांडी निवडायला काडीचा उपयोग नाही. पण तीस वर्षांनी कोणी ते पातेलं मोडीत काढायला निघालं आणि सहज उलटं करून बघितलं, तर हात थांबतो.

आद्याक्षरं म्हणजे लेबल. आत्याचा मजकूर म्हणजे अ‍ॅनोटेशन.

लेबलावरून वस्तू निवडता येते. "-एल ओनर=तमुक" असं म्हटलं की तेवढ्याच समोर येतात. "इन" आणि "नॉट-इन" वापरून चारपाच किमतींतूनही निवडता येतं. "-एल '!ओनर'" म्हटलं तर ज्यांना ओनरच नाही अशा येतात. म्हणूनच लेबलाला शिस्त आहे. किंमत जास्तीत जास्त ६३ अक्षरांची, त्यातही फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, मधे आडवी रेघ, खालची रेघ आणि टिंब. सुरुवात आणि शेवट अक्षराने किंवा आकड्यानेच. अ‍ॅनोटेशनला हा जाच नाही. एका वस्तूवरची सगळी अ‍ॅनोटेशन्स मिळून २५६ किलोबाइटपर्यंत जातात, आणि किमतीत काहीही लिहा. वाक्यं लिहा, पत्ता लिहा, मराठीत लिहा. हो, देवनागरीसुद्धा चालते. पण त्यावरून निवडता येत नाही.

हे असं का केलं असावं त्याचाही इतिहास आहे. गूगलच्या आत कुबरनेटीसच्या आधी बोर्ग नावाची व्यवस्था होती. तिच्यावरचा शोधनिबंध २०१५ साली युरोसिस परिषदेत आला. त्याच्या शेवटी ह्या मंडळींनी मोकळेपणाने लिहिलंय की बोर्गमध्ये कामांची मोट बांधायला "जॉब" सोडून दुसरं साधन नव्हतं, त्यामुळे लोक सगळी माहिती जॉबच्या नावातच कोंबायचे आणि मग ते नाव फोडून वाचणारी वेगळी हत्यारं लिहायचे. म्हणजे आपल्या पुण्यातल्या मारुतींसारखं. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती. नावातच खूण. दहावीस मारुती असेपर्यंत हे गोड वाटतं. पण दहा हजार झाले, आणि कोणी विचारलं की "नदीअलीकडचे, पत्र्याचं छप्पर असलेले सगळे मारुती दाखवा", की पंचाईत. म्हणून कुबरनेटीसमध्ये नाव वेगळं आणि खुणा वेगळ्या केल्या. खुणा हव्या तेवढ्या, हव्या त्या वस्तूला.

आणि लेबल ही नुसती शोभेची खूण नाही बरं का. तिच्यावर यंत्र कामं करतं. कुठल्या पॉडकडे गिऱ्हाइकांची वर्दळ पाठवायची हे सर्व्हिस लेबल बघूनच ठरवते. एसटीच्या पाटीसारखं समजा. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण पाटी बदलून "राखीव" लावली की माणसं चढायची थांबतात. ह्याचा एक छान उपयोग आहे. एखादा पॉड विचित्र वागत असेल तर त्याला मारून टाकू नका. ज्या लेबलावर निवड होते ते त्याच्यावरून काढून घ्या. सर्व्हिस त्याच्याकडे वर्दळ पाठवणं बंद करते, रेप्लिकासेट एक माणूस कमी पडला म्हणून नवा उभा करतो, आणि तुमचा आजारी पॉड बाजूला जिवंत राहतो, निवांत नाडी बघायला. एक उणे चिन्ह, आणि एवढं सगळं हलतं. अ‍ॅनोटेशनच्या बाबतीत असं सरसकट होत नाही. एखादं हत्यार आपल्या ओळखीची किल्ली शोधून वाचतं ती गोष्ट वेगळी. पण माणसाने माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी यंत्र वाचत नाही. ती नुसती सांभाळून ठेवतं.

आता आमच्या गोष्टीकडे येतो.

आमची कंपनी छोट्या हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. नाव सोडा. दर महिन्याचं क्लाउडचं बिल फुगत चाललं होतं. वरून मेल आली: प्रत्येक वस्तूला ओनर लेबल हवंच. ३० तारखेनंतर ज्याला नसेल ते स्क्रिप्ट काढून टाकेल. मेल वाचून पोरं चिडली, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. क्लस्टर म्हणजे वाड्याचा माळा होतो हो. कोणाचं तरी प्रात्यक्षिक, कोणाची तरी "उद्या काढतो" म्हणून ठेवलेली डिस्क, सगळं भाडं खात पडलेलं असतं. "-एल '!ओनर'" टाकलं तर ४१२ ओळी आल्या.

आता गंमत बघा. ह्या ४१२ वस्तूंना पाट्या लावायला वेळ किती लागतो? चारपाच सेकंद. एकेका प्रकारासाठी एक कमांड: "क्यूबसीटीएल लेबल क्रॉनजॉब -एल '!ओनर' ओनर=प्लॅटफॉर्म --ऑल-नेमस्पेसेस". क्रॉनजॉब झाले, मग डिप्लॉयमेंट, मग सर्व्हिस, मग डिस्का. संपलं. पहिल्याच मीटिंगमध्ये एकाने हे सुचवलं, आणि खरं सांगायचं तर खोलीतले अर्धे चेहरे उजळले. यादी हिरवी होईल, वरचे खूश, आपण मोकळे.

मी आणि आणखी एक जण अडून बसलो. कारण प्लॅटफॉर्म म्हणजे आम्हीच पाच जण, आणि ह्या ४१२मधल्या बहुतेक वस्तू काय करतात हे आम्हाला पाचांनाही माहीत नव्हतं. अशी पाटी खोटी असते. आणि खोटी पाटी पाटी नसण्यापेक्षा वाईट, कारण नसलेली पाटी निदान प्रश्न तरी विचारायला लावते. "ओनर=प्लॅटफॉर्म" लागलं की प्रश्न मिटला. आणखी दोन वर्षांनी ती वस्तू रात्री बिघडेल, कोणीतरी पाटी वाचून आम्हाला उठवेल, आणि आम्ही डोळे चोळत म्हणू, "आम्हाला काय माहीत?" शेवटी ठरलं, एकेक वस्तू उघडून बघायची आणि मालक शोधायचा. दोन आठवडे. कंटाळवाणं काम. हापिसातल्या भाषेत ह्याला "डोनेट कर कोणाला तरी" म्हणतात. :-)

त्यातला क्रॉनजॉबचा गठ्ठा आमच्याकडच्या एका मुलीकडे गेला. नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं, लातूरकडची, कमी बोलणारी. बाकीचे काय करत होते, तर यादीतलं नाव बघून अंदाज बांधत होते. ही मात्र प्रत्येकावर "डिस्क्राइब" चालवत होती आणि वरपासून खालपर्यंत वाचत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खुर्चीपाशी आली.

"सर, हे जरा बघता का? नावावरून काही कळत नाहीये. पण आत मराठीत काहीतरी लिहिलंय."

नाव होतं "सिंक-जुनं-२" ह्या धर्तीचं. अशा नावाची वस्तू कोणीही डोळे मिटून उडवली असती. वेळापत्रकात दुपारचा दीड होता. ती वेळ ग्रिनिचची, म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सात. मिनिटभर चालायचं आणि झोपायचं. लेबलं शून्य. आणि अ‍ॅनोटेशनमध्ये, "का" नावाच्या किल्लीखाली, तीन वाक्यं:

"डायलिसिसच्या उद्याच्या वेळा. बंद करण्याआधी सेंटरच्या सिस्टरना विचारा. ही माणसं पहाटेची एसटी धरतात."

आम्ही दोघं थोडा वेळ ते वाचत बसलो.

लिहिणारा कोण हे मला लगेच कळलं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना काका म्हणत. कंपनी सोडून त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांची टीमही नंतर मोडली, माणसं इकडेतिकडे गेली. एका तालुक्याच्या गावातल्या डायलिसिस सेंटरचं काम तेव्हा त्यांच्याकडे होतं.

मुलीने सेंटरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. सिस्टर कामाच्या गडबडीत होत्या.

"हो हो, येतो की रोज साताला. आम्हाला यादी येते, आणि ज्यांची वेळ बदलली त्यांना मोबाइलवर मेसेज जातो. का हो? बंद करताय की काय?"

"नाही नाही, सिस्टर. फक्त ते कोणाचं आहे ते बघत होतो."

"कोणाचं म्हणजे? आमचंच आहे की!"

मग त्यांनीच सांगितलं. डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा असतो, एका वेळेला चारेक तास. मशीनं मोजकी. एखादं बंद पडलं, की दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या वेळा सरकतात. निरोप गेला नाही तर माणसं पहाटे निघून सहाला दारात येतात आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहतात. अंगात पाणी साठलेलं, दम लागलेला, सोबत आलेल्या मुलाचा रोज बुडालेला. "मेसेज सुरू झाल्यापासून हे पुष्कळ कमी झालं हो," म्हणाल्या. "आम्ही तर विसरूनच गेलो होतो की ते कोणीतरी पाठवतं."

बिघडणाऱ्या गोष्टींचे मालक सगळ्यांना ठाऊक असतात, कारण त्यांना रोज हाका मारल्या जातात. हे काम इतकी वर्षं न चुकता चाललं, म्हणून कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. ३० तारखेला स्क्रिप्ट आली असती, तिने विचारलं असतं "ओनर आहे का?", उत्तर "नाही", आणि विषय संपला असता. चिठ्ठी तिथेच होती, पण स्क्रिप्ट चिठ्ठ्या वाचत नव्हती. "--शो-लेबल्स"ने जी यादी येते तिच्यात अ‍ॅनोटेशन दिसत नाही. ते दिसायला डिस्क्राइब करावं लागतं, म्हणजे पातेलं उलटं करून बघावं लागतं.

काकांना फोन केला. आता ते गावाकडे असतात.

"काय म्हणतोस? ते अजून चालू आहे?" खूप हसले. "अरे, मी ते तात्पुरतं लिहिलं होतं!"

"काका, ओनर लेबल लावलं असतंत तर आमचे दोन आठवडे वाचले असते," मी म्हटलं, चेष्टेनेच.

"तेव्हा तुमचं ते ओनर-बिनर होतं कुठे रे? आणि कोणाचं नाव घालणार? माझं? मी तर निघालोच होतो. म्हटलं, माणूस जाईल, टीम मोडेल, सिस्टर तिथेच असतील. म्हणून त्यांना विचारा असं लिहिलं."

ह्यावर मला बोलायला काही सुचलं नाही. चिठ्ठीत त्यांनी स्वतःचं नावही घातलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, लावा लेबल आणि व्हा मोकळे. इथेच खरी गाडी अडली. कमांड एका सेकंदाची, पण बरोबरच्या चिन्हापुढे लिहायचं काय? मेसेज पाठवणारी टीम म्हणाली, आम्ही पाइप देतो, त्यातून काय वाहतं ते आमचं नाही. हॉस्पिटलवाली टीम म्हणाली, हे आमच्या कोडमध्येच नाही. एका मॅनेजरांनी काकांच्या मोडलेल्या टीमचं नाव घाला असं सुचवलं. म्हणजे वारलेल्या माणसाच्या नावावर वीजबिल चालू ठेवण्यातला प्रकार. ती मुलगी म्हणाली, माझं नाव लिहा. तिची तळमळ कळत होती, पण ते बरोबर झालं नसतं. माणसाचं नाव पाटीवर घातलं की तो नोकरी बदलेपर्यंतच ती खरी.

ह्या एका शब्दाला नऊ दिवस लागले. तीन मीटिंगा, सिस्टरना आणखी एक फोन. शेवटी हॉस्पिटलवाल्या टीमने घेतलं, पण दोन अटींवर. एक, कोड नीट त्यांच्या भांडारात आणायचा. दोन, संध्याकाळी काम झालं नाही तर त्यांच्या फोनवर घंटा वाजली पाहिजे. दुसरी अट ऐकून मला चमकल्यासारखं झालं. तोवर ते काम एखाद्या दिवशी फसलं असतं तर आमच्यापैकी कोणालाही कळलं नसतं. कळलं असतं ते पहाटे बाकावर बसलेल्यांना. पाटीवर टीमचं नाव घालायला माणसं का कचरत होती ते इथे लक्षात आलं. ती आळशी नव्हती. "ओनर" ह्या शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. ४१२ वस्तूंवर एका दमात तो शब्द ठोकायला निघालेल्यांनाच तो कळला नव्हता.

मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीवरूनही थोडी चर्चा झाली. बंगलोरच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, हे मला वाचता आलं नसतं, मी उडवून टाकलं असतं. त्याचं बरोबर आहे. उलट बाजूने, "पहाटेची एसटी" हे इंग्रजीत लिहिलं असतं तर ती मुलगी माझ्या खुर्चीपाशी आली असती का, मला खात्री नाही. आता चिठ्ठी दोन्ही भाषांत आहे. काकांचं मराठी एक अक्षरही न बदलता ठेवलंय.

बाकीच्या वस्तूंचं म्हणाल तर दीडशेच्या वर निव्वळ कचरा निघाला आणि समारंभपूर्वक काढला. त्या मेलचा हेतू चांगलाच होता, हे परत सांगतो.

ह्यातून आम्ही काही साधे नियम ठरवले. कोणाला उपयोगी पडले तर बघा.

ओनर लेबलात टीमचं नाव, आणि त्या टीमने तोंडाने "हो" म्हटल्याशिवाय ते लावायचं नाही. लेबलं कमी, स्पेलिंग एकच. नाव, आवृत्ती, कशाचा भाग आहे, असल्या नेहमीच्या गोष्टींसाठी कुबरनेटीसनेच सुचवलेल्या सामायिक किल्ल्या आहेत, त्या वापरायच्या. स्वतःच्या खास किल्ल्यांपुढे आपला उपसर्ग लावायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाशी टक्कर नको. पाट्या घाऊक लावायच्या असतील तर आधी "--ड्राय-रन"ने कोरडी तालीम.

प्रत्येक वस्तूवर तीन अ‍ॅनोटेशन्स: हे का आहे, बंद करण्याआधी कोणाला विचारायचं, आणि परत कधी बघायचं. पासवर्ड किंवा पेशंटची माहिती त्यात अजिबात नाही, कारण ज्याला वस्तू बघायची परवानगी आहे त्याला चिठ्ठीही दिसते.

टर्मिनलवरून लावलेली पाटी त्या वस्तूपुरतीच असते. चालत्या पॉडला हाताने लेबल लावलंत आणि तो मेला, तर त्याच्या जागी येणारा नवा पॉड कोरा येतो. डिप्लॉयमेंटला लावलंत तरी तिच्या पॉडना ते आपोआप जात नाही. साच्यात घालावं लागतं, आणि साचा बदलला की पॉड नव्याने उभे राहतात. म्हणून टर्मिनलवर करायची ती तातडी. टिकायचं असेल ते फाइलमध्ये, गिटमध्ये.

आणि साफसफाईच्या स्क्रिप्टला एक काम वाढवलं. लेबल नसलेली वस्तू दिसली की काढण्याआधी ती तिच्यावरची सगळी अ‍ॅनोटेशन्स यादीत छापते, आणि ती यादी एका माणसाने वाचून सही केल्याशिवाय पुढे जात नाही. ह्या कामाची पाळी आठवड्यागणिक फिरते. पहिली पाळी त्या मुलीने मागून घेतली.

तर मंडळी, सोमवारी हापिसात गेलात की तुमच्याही क्लस्टरवर "-एल '!ओनर'" चालवून बघा. किती ओळी येतात ते खाली प्रतिक्रियांत लिहिलंत तर मजा येईल. पण त्यातली एकही उडवण्याआधी तिच्यावर डिस्क्राइब करा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. आणि तुम्ही स्वतः नोकरी बदलायच्या बेतात असाल, तर शेवटच्या आठवड्यात निरोपाच्या मेलचा मसुदा घोटत बसण्यापेक्षा तुमच्या नावावरच्या चारदोन वस्तूंना अशा चिठ्ठ्या लावून जा. तीन वाक्यं पुरतात.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.